चुन्याच्या भिंतीपुढची कमल

बोरी,
१२ जुलै १९८७

तीर्थरूप मामा आणि मामी,
दोघांच्या पायांवर डोकं ठेवून अनूचा नमस्कार.

सासरी पोचल्याचं पत्र टाक म्हणाला होतात, ते आज लिहायला घेतलं. रागावू नका. घर चांगलं आहे. हे शाळेतून आले की पुस्तक घेऊन ओसरीवर बसतात, आवाज चढवत नाहीत. सासूबाईंना इथं आत्याबाई म्हणतात. त्यांनी जेवणाखाण्याला कधी हात आखडला नाही. ह्यांची मंदा मला मावशी म्हणते. सख्खी आई ती रांगत होती तेव्हाच गेली. आता तिला आई म्हणायला लावावं असं मलाच वाटत नाही.

मामा, एक विचारायचं आहे. फोटोचं आहे म्हणून तुम्हालाच विचारते. तुमचा सगळा जन्म पूर्णेच्या त्या स्टुडिओत गेला.

माजघरात माझ्या आधीच्या कमलताईंचा फोटो टांगलेला आहे. बाई अंगणात लिंबाच्या सावलीत उभी आहे, पाठीमागं भिंत. पातळाचा काठ कळतो, बांगड्यांची चमक कळते. चेहरा मात्र कोळशानं भरल्यासारखा. नाक नाही, डोळे नाहीत. लग्नात माझ्या गळ्यात त्यांच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. नवं पातळ आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. कुंकू आधी त्यांना, मग मला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गेलेल्या बाईचा मान तिला द्यावा. पण रोज सकाळी कुंकवाचं बोट घेऊन फोटोपुढं उभी राहते आणि बोट कुठं टेकवायचं तेच कळत नाही.

परवा शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यापुढं आत्याबाई म्हणाल्या, "आधी तोंड चांगलं दिसायचं. ही आली अन् काळं पडायलंय. कमळीला हिचं येणं पटलेलं न्हाई." बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळत बसले.

मामा, भिंतीवरचा फोटो नंतर काळा पडतो का? खरं असेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

तुमची,
अनू


पूर्णा,
२१ जुलै १९८७

चि. अनू, पोरी, सुखात राहा.

तुझं पत्र वाचून मामी रडायली अन् मी हसायलो. घाबरलीस कशाला? फोटो जुना झाला की पिवळा पडतो. ओल लागली की डाग पडतात. पण बांगड्या सोडून नुस्तं तोंड निवडून काळं करणारी ओल मी अजून बघितली न्हाई.

आता एक काम कर. फोटोतली भिंत कसल्या रंगाची दिसायलीय ते नीट बघ. मग अंगणात जा अन् खरी भिंत बघ. दोन्ही मला कळव.

का इचारतो ते सांगतो. कॅमेऱ्यात मीटर असतं, उजेड मोजणारं. त्या बिचाऱ्याला माणूस कळत न्हाई. समोरून आलेला सगळा उजेड एकात कालवून त्याचा मधला राखाडी रंग करायचा, एवढंच त्याला येतं. उन्हातली पांढरी भिंत समोर आली की त्याला वाटतं उजेड लय झाला, अन् ते सांगतं भोक बारीक करा. आपण ऐकलं की भिंतीची होते राखाडी अन् सावलीतला माणूस होतो काळा. म्हणून मी अशा वेळी पुढं जातो, माणसाच्या तोंडाजवळ त्याच सावलीत आपला तळहात धरतो अन् मीटर तळहातावर लावून बघतो. तेवढा उजेड आत सोडतो. पाठीमागची भिंत जळून गेली तरी जाऊ दे. फोटो काय भिंतीचा काढायचाय?

विहीणबाई म्हणतात आधी दिसायचं. त्या खोटं बोलत नसतील. सून नुकती गेली होती तेव्हा तिचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढं होतं, म्हणून काळ्यातही दिसायचं. आता विसरायल्यात, म्हणून दिसत न्हाई. पण हे त्यांना सांगू नको.

निगेटिव्ह कुठं असली तर पाठव. कागदावर उतरला न्हाई तरी माणूस तिच्यात असतो.

तुझा,
मामा


बोरी,
३० ऑगस्ट १९८७

तीर्थरूप मामा,
अनूचा नमस्कार.

फोटोतली भिंत राखाडी आहे. अंगणातली पांढरी, चुन्याची. तुमचं खरं आहे.

हे मी आत्याबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "यंत्र आंधळं असतं व्हय? मग तुझा मामा आंधळ्याच्या जिवावर पोट भरायलाय का?" मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मग जेवताना मी ह्यांना विचारलं, फोटो कुणी काढला, निगेटिव्ह आहे का. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि शेताकडं निघून गेले. अर्धी भाकरी तशीच राहिली. तेव्हा आत्याबाईंनी सांगितलं.

ह्यांचे आतेभाऊ दिनकरराव औरंगाबादला असतात. पाच वर्षांमागं दिवाळीला ते कॅमेरा घेऊन आले होते. दिवाळीचा चुना भिंतीला नुकताच दिलेला. पाडव्याला ह्यांनी हौसेनं कॅमेरा हातात घेतला आणि कमलताईंना लिंबाखाली उभं केलं. काही केल्या त्या नीट उभ्या राहीनात, तेव्हा हे खेकसले, "तोंड पाडून काय उभी ऱ्हायलीस? कुणाच्या मातीला आलीस का?" तेवढा एकच फोटो निघाला. त्याच दुपारी त्या धुणं घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेल्या, त्या परत आल्या नाहीत. देवगाव फाट्याकडं त्यांचं माहेर आहे. त्यांची आई बायनाबाई म्हणाली, लेकीचा पाय घसरला. गाव म्हणालं, उडी घेतली. बायनाबाई त्या दिवसापासून ह्या उंबऱ्याला शिवलेली नाही.

म्हणजे मामा, मी ज्या फोटोला कुंकू लावते तो त्या दिवसाचा आहे.

अजून एक. तुम्ही मला वेडी म्हणाल. दुपारी वेणी घालायला आरशापुढं बसले की माझंही तोंड मला काळं दिसतं. टाक तेवढा चमकतो. मंदा परवा मला न्याहाळत होती. म्हणाली, "मावशी, आईचं तोंड कुठं गेलं? तुझं पण जाणार का?"

तुमची,
अनू


पूर्णा,
१४ सप्टेंबर १९८७

चि. अनू,

उत्तराला उशीर झाला. इथं नामांतराच्या सभा चालू हायत, त्यांचे फोटो धुऊन द्यायचे होते. मधे परभणीचा रस्ता बंद होता, टपालही अडकलं.

आरशाचं सोपं हाय. तू दाराकडं पाठ करून बसत असशील. पाठीमागून उजेड आला की तोंड काळंच दिसणार. दाराकडं तोंड करून बस, आरसा हातात धर. मंदालाही तसं करून दाखव, म्हणजे तिची भीती जाईल. भूतबाधा असली तर ती तू दाराकडं तोंड केलंस म्हणून पळत नसते, एवढं ध्यानात ठेव.

निगेटिव्हसाठी जावयांच्या मागं लागू नको. ज्या माणसानं अर्धी भाकरी टाकली त्याला अजून एकदा इचारायचं नसतं. सणासुदीला इकडं ये. मामी वाट बघायलीय.

मामा


बोरी,
८ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप नागनाथमामा यांस,
व्यंकटरावाचा साष्टांग नमस्कार.

अनसूयेची दोन महिने पत्रं नाहीत म्हणून आपण काळजीत असाल. आपली दोन कार्डं आली. ती तिच्या उशाशी आहेत, तिनं वाचली आहेत. उत्तर लिहायची तिला ताकद नव्हती, म्हणून मी लिहितो.

गणपती गेल्यापासून तिचं जेवण कमी झालं. ती आरशात बघेनाशी झाली. दाराकडं तोंड करून बस असं आपण लिहिलं होतं. ती तशी बसली, आणि तरी काळंच दिसतं असं म्हणाली. दिवाळी जवळ आली तशी आईला धीर निघेना. मी शाळेत असताना आईनं भूतबाधा उतरवणाऱ्या एका जाणत्याला घरी बोलावलं. त्यानं अनसूयेला त्या फोटोपुढं उभं केलं, हातात लिंबू दिलं आणि विचारलं, "बोल, तू कोण हाईस?" तिनं मान वर करून फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "मला माझं तोंड द्या." एवढं बोलून खाली पडली. मी घरी आलो तेव्हा मंदा दाराची चौकट धरून उभी होती.

मी त्या माणसाला घालवून दिलं. अनसूयेला जिंतूरला डॉक्टरकडं नेलं. अंगात रक्त नाही म्हणाले. औषध चालू आहे. आता थोडं खाते. पण मी विचारलं, "ते कोण बोललं?" तर म्हणते, "मला माहीत न्हाई."

मामा, गाव काय म्हणतं ते आपल्याला कळलंच असेल. निगेटिव्ह माझ्याजवळ आहे. दिनकररावांनी तेराव्याला आणून दिली होती. मी ती कधीही उजेडात धरून पाहिलेली नाही. तिचं शेवटचं तोंड माझ्या बोलण्यानं कसं झालं होतं, ते बघायचा धीर मला आजवर झाला नाही.

ती या पाकिटात घातली आहे. चेहरा निघाला तर आधी तुम्ही बघा. रडवेला असेल तर आम्हाला पाठवू नका. निगेटिव्ह जाळून टाका आणि 'काही निघालं नाही' असं एक कार्ड टाका. मी पुन्हा विचारणार नाही.

आपला,
व्यंकटराव


पूर्णा,
१९ नोव्हेंबर १९८७

व्यंकटराव, तुम्हाला आणि पोरींना आशीर्वाद.

मी कार्ड टाकलेलं न्हाई, पाकीट धाडतोय. एवढ्यावरूनच तुम्ही समजला असाल. तरी सगळं वाचा, मगच आतला फोटो उघडा.

तुमची निगेटिव्ह हातात घेतली अन् माझाच धीर खचला. निगेटिव्हात उलटं असतं, पांढरं ते काळं दिसतं. तुमची भिंत तिच्यात गच्च काळी, अन् तोंडाच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी, काचेसारखी. उजेड लय कमी पोचला होता. खिडकीशी धरून तिरकी केली तेव्हा त्या कोऱ्या जागेवर धुरासारखं काहीतरी हललं.

पहिला कागद वाया गेला, तुमच्या भिंतीवरच्या फोटोसारखाच निघाला. दुसरा कडक जातीचा घेतला, त्यात थोडा फरकही ठळक उतरतो. वरून उजेड सोडताना तोंडाच्या जागी तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरला अन् हलवत राहिलो, म्हणजे तिथं उजेड कमी पडावा अन् ते कमी काळं व्हावं. तुकडा जरा सरकला, तोही गेला. असे बरेच कागद गेले. मामी बाहेरून म्हणायली, "जेवा आधी." मी म्हणालो, "बाई यायलीय, थांब."

मग औषधाच्या ताटलीत ती आली. आधी कपाळ, मग गालाचं हाड. मी तुमचं पत्र मनात धरून वाकलो होतो. डोळे आले तेव्हा बघितलं, ते ओले हायत का.

व्यंकटराव, ती हसायलीय.

तोंड भरून हसायलीय. पुढचा एक दात अर्धा हाय, तोही दिसायलाय. पदराचा हात तोंडाकडं निघालाय पण पोचला न्हाई. ती कॅमेऱ्याकडं बघतच न्हाई, खाली बघायलीय. कुठं बघायलीय म्हणून मी खालचा भागही उजळून काढला. पातळाच्या निऱ्या धरलेला एक इवला हात हाय, मनगटात काळे मणी. मंदा रांगत येऊन आईला ओढायली असणार. म्हणून ती नीट उभी राहीना. तुम्ही काय खेकसलात ते तिच्या कानावर गेलं का न्हाई कोण जाणे. तोंडावर तरी आलेलं न्हाई.

पुढं विहिरीवर काय झालं ते हा फोटो सांगत न्हाई, अन् मीही सांगणार न्हाई. तुमच्या बोलण्यानं तिचं तोंड पडलं नव्हतं, एवढं मात्र मी डोळ्यांनी बघून लिहितो.

आता उघडा.

नागनाथ


बोरी,
२० डिसेंबर १९८७

तीर्थरूप मामा आणि मामी,
अनूचा नमस्कार.

तब्येत बरी आहे. लोहाच्या गोळ्या घेते, जेवते. ह्यावेळी स्वतःच्या हातानं लिहिते आहे.

पाकीट आलं तेव्हा ह्यांनी ते दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवलं. संध्याकाळी मला हाक मारली आणि म्हणाले, "तू उघड." मी उघडून फोटो त्यांच्यापुढं धरला. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तिचा दात. हा दात मी विसरलो होतो." आणि भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखे रडायला लागले. आत्याबाई आतून आल्या. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "अगं माय," एवढंच म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या.

मंदानं विचारलं, "ही कोण?" मी सांगितलं, "ही तुझी आई. आणि हा तुझा हात." तिनं आपला हात फोटोवरच्या हाताशेजारी ठेवून पाहिला. तेव्हापासून ती खेळायला बसते ती फोटोच्या खालीच.

जुना फोटो उतरवून नवा लावला. कुंकू आता कपाळावर लागतं. गावातल्या बायका बघायला येतात. ज्यांनी उडी घेतली म्हणून सांगितलं होतं, त्याही येतात, बघतात आणि चहा न घेता जातात. ह्यांनी देवगावला निरोप धाडला होता. परवा बायनाबाई आल्या, त्यांच्या मुलाबरोबर, माणिकरावांबरोबर. उंबऱ्यापाशी थांबल्या. आत्याबाईंनी पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि आत आणलं.

बायनाबाईंनी काचेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "उखळावर पडली होती ल्हानपणी. दात मोडला तवापून हसताना पदर घ्यायची." मग मागं वळून म्हणाल्या, "पाय घसरला म्हणून पाच वर्सं सांगायलेय. कुणी ऐकलं न्हाई."

आत्याबाई खाली बघत म्हणाल्या, "आता ऐकायलेय, विहीणबाई."

मग बायनाबाई माझ्याजवळ आल्या. माझ्या गळ्यातला टाक हातात घेतला, पदरानं पुसला आणि परत सोडला. "संक्रांतीला हिला नेते," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "लेकीच्या जागी आलेली लेकच असती. पोरगी पण येऊ द्या." कुणी नाही म्हटलं नाही.

मामी विचारतील म्हणून सांगते, भांडी घासायला आता एक बाई येते. आत्याबाईंनीच ठेवली.

तुमची,
अनू


पूर्णा,
२ जानेवारी १९८८

चि. अनू,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या खेपेला मला वाटलं माझ्याकडून एखादं पान सुटलं. सगळ्यांचं लिहिलंस. जावयांचं, विहीणबाईंचं, मंदाचं. तुझं काय? भीती गेली का? आरशात बघायलीस का? गोळ्यांचं लिहून मला फसवू नको.

माझं इचारशील तर, त्या दिवसापून कुठलाही कागद औषधात टाकला की आधी तिचंच तोंड वर येतंय असं वाटतं. काल एका नवरदेवाचा फोटो धुताना मी घाबरून मागं सरलो. मामीला सांगितलं न्हाई. म्हणून तुला इचारतो. मी अंधाऱ्या खोलीत तिला एकदाच बघितलं अन् माझं असं. तू तर तिच्या घरात राहतीस.

देवगावला जायलीस ते बरंच हाय. पण मनात नसलं तर मला कळव, मी येऊन घेऊन जातो. टाक गळ्यात बांधला म्हणून तू आमची राहिली न्हाईस असं न्हाई.

मामा


मुक्काम देवगाव फाट्याजवळ,
१६ जानेवारी १९८८

तीर्थरूप मामा,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

आरशात बघते. तोंड दिसतं. त्या जाणत्यापुढं मी काय बोलले ते मला खरंच आठवत नाही, आणि ते कोण बोललं हे मी आता स्वतःला विचारत नाही.

भीतीचं सांगायचं तर, तिचं तोंड काळं होतं तोवर मला वाटायचं ती सारखी माझ्याकडं बघते. चूल पेटवताना, पाणी भरताना, ह्यांना ताट वाढताना. आता ती दिसते तर कळलं की तिची नजर खाली मंदाकडं आहे. मी माजघरात कुठंही उभी राहिले तरी ती माझ्या अंगावर पडत नाही. तिच्या घरात मी आहे हे तिला माहीतच नाही. त्या घरात मला त्याचं वाईट वाटायचं, मामा. असं कुणाला वाटेल का?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी इथं आले. फाट्यावर बसमधून उतरले तर बायनाबाई बैलगाडी घेऊन स्वतः उभ्या होत्या. घरी आल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. माझ्या पुढ्यात तिळाच्या पोळ्यांची चळत ठेवली. मी एक खाल्ली तर म्हणाल्या, "एवढ्यानं काय हुतंय? तुला तर चार लागतात." म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. मी चार खाल्ल्या.

मंदाला माणिकरावांनी खांद्यावर घेऊन सगळा मळा दाखवला. माझ्यासाठी कमलताईंची खोली झाडून ठेवली होती. कोनाड्यात त्यांचा कंगवा होता. बायनाबाईंनी दाराशी बसून त्याच कंगव्यानं माझी वेणी घातली. मी नको म्हटलं नाही.

काल आम्ही दोघी वाण द्यायला चार घरी गेलो. शेवटचं घर एका म्हातारीचं. ती डोळ्यांनी पूर्ण आंधळी आहे, कोण आहे कोण गेलं हेही विसरते. बाजेवर बसली होती. माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोण, बायना? बरोबर कोण हाय? कमळी आली का?"

मी बायनाबाईंकडं बघितलं. त्या मान वळवून अंगणाकडं बघायला लागल्या. तिळगुळाचं ताट त्यांच्या हातात तसंच होतं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, पुढं झाले आणि म्हातारीच्या पायांशी बसले.

"हो काकू," मी म्हणाले. "आले."

म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, डोळे, गाल. हनुवटीपाशी येऊन हात थांबला.

"लय दिसांनी आलीस गं," ती म्हणाली, आणि माझा हात धरला तो सोडीना.

तुमची,
अनू